साहेबांचा राजीनामा कोण मंजूर करतं?

भोपाळहून नर्मदापुरमच्या रस्त्याला लागलं की वीस-बावीस किलोमीटरवर मंडीदीप येतं. कारखान्यांचं गाव. ट्रॅक्टर, औषधं, ग्राफाइटचे इलेक्ट्रोड असं काय काय इथे बनतं, आणि तीन पाळ्यांत माणसं आत-बाहेर करत असतात. भोपाळ शहरात डिसेंबर २०२१पासून पोलीस आयुक्त बसतात. पहिले आयुक्त होते मकरंद देऊस्कर. मंडीदीप मात्र रायसेन जिल्ह्यात मोडतं, म्हणून इथे जुनीच घडी आहे. वर पोलीस अधीक्षक आणि ठाण्यावर टीआय. महाराष्ट्रात ज्यांना पीआय म्हणतात ते मध्य प्रदेशात टीआय. जमावबंदीचा आदेश भोपाळ शहरात आयुक्त काढू शकतात, मंडीदीपसाठी तो कलेक्टर कचेरीतून निघतो.

मतदानाचा हिशेब आणखी वेगळा. विधानसभेला मंडीदीप भोजपूर मतदारसंघात आणि लोकसभेला विदिशात. हा विदिशा म्हणजे साधासुधा मतदारसंघ नव्हे. अटलबिहारी वाजपेयी इथून निवडून आले, सुषमा स्वराज आल्या, आणि २०२४मध्ये शिवराजसिंह चौहान आठ लाखांहून जास्त मताधिक्याने आले आणि केंद्रात कृषिमंत्री झाले. इतक्या वजनाचा खासदार असूनही मंडीदीपच्या टीआयची बदली करायचा कागद त्यांच्या सहीने निघत नाही. तो राज्याच्या पोलीस खात्यातून निघतो.

मग कोडं असं, की ज्या साहेबांच्या एका आदेशावर हजारो पोलीस रस्त्यावर उतरतात ते साहेब ती खुर्ची सोडून खासदारकीच्या मागे का लागतात? दुसरं कोडं त्याहून अवघड. परवापर्यंत सभांना परवानगी देणारा किंवा नाकारणारा माणूस आज स्वतःच्या सभेसाठी परवानगी मागायला येतो, हे कायद्यात बसतं कसं? बसतं. पण ज्या कागदावर बसतं, तो कागद बहुतेक वेळा सत्तेतल्या सरकारच्या हातात असतो, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

एका खुर्चीवरचे दोघे

क्रॉफर्ड मार्केटसमोरचं मुंबई पोलीस आयुक्तालय घ्या. ११ ऑगस्ट २०१२ला आझाद मैदानावर मोर्चाला हिंसक वळण लागलं, पोलिसांवर हल्ले झाले. त्यानंतर काही दिवसांतच आयुक्त अरूप पटनायक यांना त्या पदावरून हलवलं गेलं आणि त्यांच्या जागी सत्यपाल सिंह आले. एकामागोमाग एक आलेले हे दोन्ही आयुक्त पुढे लोकसभेच्या रिंगणात उतरले. एक भाजपकडून, एक बिजू जनता दलाकडून. एक जिंकला, एक हरला.

सत्यपाल सिंह १९८०च्या तुकडीचे, महाराष्ट्र केडरचे. पुणे आणि नागपूरचं आयुक्तपदही त्यांनी सांभाळलेलं. निवृत्तीला दोनेक वर्षं बाकी असताना जानेवारी २०१४च्या शेवटी त्यांनी स्वेच्छानिवृत्ती मागितली आणि राज्य सरकारने ती लगोलग मंजूर केली. राज्यात तेव्हा काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार होतं, हे ध्यानात ठेवा. २ फेब्रुवारीला मेरठला नरेंद्र मोदींची सभा होती. तिथे साहेब भाजपमध्ये दाखल झाले. ५ मार्चला निवडणुका जाहीर झाल्या, १० एप्रिलला बागपतमध्ये मतदान झालं. आयुक्तालय सोडल्यापासून मतदानयंत्रावर नाव झळकेपर्यंत अडीच महिनेसुद्धा गेले नाहीत. १६ मेला निकाल लागला तेव्हा बागपतच्या गादीवर पिढीजात हक्क सांगणारे अजित सिंह तिसऱ्या क्रमांकावर गेले होते, आणि सत्यपाल सिंह दोन लाखांहून अधिक मतांनी निवडून आले होते.

पटनायक मात्र सेवेची मुदत पूर्ण करून २०१५मध्ये निवृत्त झाले, २०१८मध्ये बिजू जनता दलात गेले आणि २०१९ला भुवनेश्वरमधून लढले. त्यांच्यासमोर भाजपने उभ्या केल्या अपराजिता सारंगी, म्हणजे आणखी एक माजी सनदी अधिकारी. पटनायक हरले. २०२४मध्ये पुरीतून लढले, संबित पात्रांकडून पुन्हा हरले.

या दोन्ही गोष्टींत एक बारीक खूण आहे. मुंबईचा आयुक्त मुंबईतून लढला नाही. एक आपल्या जन्मगावच्या जिल्ह्यात गेला, दुसरा आपल्या राज्यात. याकडे पुढे येऊच.

वर्दीत असताना काय चालतं?

आयपीएस ही अखिल भारतीय सेवा आहे. निवड केंद्र करतं, काम बहुतेक काळ राज्यात, आणि या सेवेची दोरी केंद्रीय गृहमंत्रालयाकडे. या अधिकाऱ्यांनी कसं वागायचं ते १९६८च्या आचरण नियमांत लिहिलेलं आहे. त्यातला पाचवा नियम राजकारणाबद्दलचा. कोणत्याही पक्षाचं सदस्य व्हायचं नाही, चळवळीला वर्गणी द्यायची नाही, निवडणुकीत कोणासाठी मत मागायचं नाही. मत द्यायचा हक्क आहे, पण आपण कोणाला देणार आहोत याचा सुगावाही लागू द्यायचा नाही. शिपायापासून वरच्या सगळ्यांसाठी १९६६चा आणखी एक कायदा आहे, जो पोलिसांच्या संघटना करण्यावर आणि राजकीय सभांत भाग घेण्यावर बंधनं घालतो.

निवडणुकीच्या काळात तर पोलीस आपल्या सरकारचेही राहत नाहीत. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २८-अ कलमानुसार, अधिसूचना निघाल्यापासून निकाल लागेपर्यंत निवडणुकीच्या कामासाठी नेमलेले पोलीस निवडणूक आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर आहेत असं मानलं जातं. आयोग अधीक्षकांना, महासंचालकांनाही बदलू शकतो तो या जोरावर.

इतका बंदोबस्त कशासाठी, हे ठाण्यात एकदा तरी तक्रार नोंदवायला गेलेल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. गुन्हा नोंदवायचा की नाही, कोणतं कलम लावायचं, कोणाला आधी बोलावायचं, मोर्चाचा मार्ग कोणता ठरवायचा. कलम आणि नियम सगळीकडे आहेत, पण त्यांच्यामध्ये अधिकाऱ्याच्या मर्जीला भरपूर जागा आहे. त्या मर्जीवर उद्याच्या तिकिटाची सावली पडू नये, एवढ्यासाठी हे नियम.

बाहेर पडायची तीन दारं

पहिलं दार नियत वयोमानाने निवृत्तीचं, साठाव्या वर्षी. ते आपोआप उघडतं. पटनायक या दाराने बाहेर पडले.

दुसरं स्वेच्छानिवृत्तीचं. तीस वर्षांची सेवा झाली असेल किंवा वयाची पन्नाशी गाठली असेल, तर राज्य सरकारला तीन महिन्यांची नोटीस देऊन अधिकारी निवृत्त होऊ शकतो. ही मुदत सरकार कमीही करू शकतं. सत्यपाल सिंहांना तीन महिने थांबावं लागलं नाही ते त्यामुळे. सेवा वीस वर्षांच्या वर पण तिसाच्या आत असेल आणि वयही पन्नाशीच्या आत असेल, तर केंद्राची मंजुरी लागते. अधिकारी निलंबित असेल किंवा विभागीय चौकशी चालू असेल, तर हे दार अडू शकतं. या मार्गाने गेलं की पेन्शन शाबूत राहते.

तिसरं दार राजीनाम्याचं. साधारणपणे तरुण अधिकाऱ्याला हेच उरतं, कारण वीस वर्षंच झालेली नसतात. इथे मागची सगळी सेवा पेन्शनच्या दृष्टीने बुडते. कर्नाटक केडरचे के. अण्णामलाई २०१९मध्ये असेच बाहेर पडले आणि वर्षभराने तमिळनाडूत भाजपमध्ये गेले. आठ-नऊ वर्षांच्या नोकरीवर पाणी सोडणं हा जुगार आहे, पण निदान स्वच्छ जुगार आहे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या दारांची कडी बाहेरून असते. मंडीदीपच्या कारखान्यात ज्याने नोकरी बदलली आहे त्याला हे चटकन कळेल. एका कंपनीत राजीनामा टाकला, समोरच्या कंपनीत जागा पक्की झाली, पण पहिल्या कंपनीने रिलीव्हिंग लेटर दिलं नाही तर माणूस हजेरीपटावर जुन्याच कंपनीचा राहतो. नवा साहेब म्हणतो, कागद आणा. हिशेबात काही बाकी असेल तर ‘नो ड्यूज’ अडतं. राजीनामा तुमचा, पण सुटका त्यांच्या सहीची.

निवडणुकीत हा नवा साहेब म्हणजे निवडणूक निर्णय अधिकारी. संविधानाच्या १०२व्या अनुच्छेदाप्रमाणे सरकारी लाभाच्या पदावर असलेला माणूस संसदेचा सदस्य होऊ शकत नाही. ही पात्रता बघायचा दिवस ठरलेला असतो, अर्जांच्या छाननीचा. त्या दिवशी सरकारी नोंदीत तुम्ही नोकरीत असाल तर अर्ज बाद.

अब्दुर रहमान यांचं हेच झालं. १९९७च्या तुकडीचे, महाराष्ट्र केडरचे हे अधिकारी. त्यांनी स्वेच्छानिवृत्ती मागितली होती, ती नाकारली गेली. डिसेंबर २०१९मध्ये नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाच्या निषेधार्थ आपण सेवा सोडत असल्याचं त्यांनी जाहीर केलं. प्रकरण कोर्टकचेऱ्यांत फिरत राहिलं. २०२४ला वंचित बहुजन आघाडीने त्यांना धुळ्यातून लोकसभेची उमेदवारी दिली. छाननीत अर्ज बाद झाला, कारण सरकारच्या दप्तरी त्यांची सुटका झालेलीच नव्हती. साडेचार वर्षांपूर्वी जाहीरपणे सोडलेली नोकरी कागदावर त्यांना सोडत नव्हती. सत्यपाल सिंहांचा अर्ज काही दिवसांत मंजूर आणि रहमान यांचा कधीच नाही. दोघांच्या सेवेची वर्षं वेगळी, चौकशीची भानगड वेगळी, नियमांचं बोट दाखवायला जागा आहे. तरीही, मंजुरीचा वेग जिथे सरकार ठरवतं तिथे कोणाला वाट मोकळी आणि कोणाला अडसर, हा प्रश्न नुसता नियमांचा राहत नाही.

‘नो ड्यूज’चंही उदाहरण आहे. देबाशीष धर हे पश्चिम बंगालमधले आयपीएस अधिकारी. २०२१च्या विधानसभा निवडणुकीत शीतलकुचीला मतदानाच्या दिवशी गोळीबार झाला तेव्हा ते कूचबिहारचे अधीक्षक होते; पुढे निलंबित झाले. २०२४मध्ये राजीनामा देऊन भाजपकडून बीरभूमला उभे राहिले. सरकारी निवासस्थानात राहिलेल्या उमेदवाराने गेल्या दहा वर्षांतलं भाडं, वीज, पाणी, टेलिफोन यांची थकबाकी नाही असं प्रमाणपत्र जोडायचं असतं. ते प्रमाणपत्र नव्हतं. अर्ज बाद. पक्षाने खबरदारी म्हणून दुसरा उमेदवार तयार ठेवला होता, तो लढला.

चौथं दार म्हणावं तर बडतर्फीचं, पण ते कोणी आपणहून उघडत नाही. भ्रष्टाचारासाठी किंवा देशाशी बेइमानीसाठी बडतर्फ झालेला कर्मचारी पाच वर्षं निवडणूक लढवू शकत नाही. बाकी कारणाने बडतर्फ झालेल्याने ‘माझी बडतर्फी या दोन कारणांनी नाही’ असं निवडणूक आयोगाचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. सीमा सुरक्षा दलातल्या जेवणाची चित्रफीत काढून गाजलेले जवान तेज बहादूर यादव २०१९ला वाराणसीत थेट पंतप्रधानांविरुद्ध उभे राहिले. अर्ज बाद झाला तो याच प्रमाणपत्राअभावी.

तारखेवरून उलटलेली गादी

राजीनाम्याची तारीख किती महागात पडू शकते याचं सर्वांत मोठं उदाहरण पोलिसाचं नाही, पण त्यात पोलीस आहेत. यशपाल कपूर पंतप्रधानांच्या सचिवालयात अधिकारी होते. त्यांनी १३ जानेवारी १९७१ला राजीनामा दिला. तो मंजूर झाल्याचा आदेश निघाला २५ जानेवारीला, आणि त्यात लिहिलं की तो १४ तारखेपासूनच लागू समजावा. मधल्या दिवसांत कपूर रायबरेलीत इंदिरा गांधींच्या प्रचाराचं काम करत होते. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी १२ जून १९७५ला म्हटलं, आदेश निघेपर्यंत हा माणूस सरकारी नोकरच होता. दुसरा ठपका होता सभांसाठी व्यासपीठं उभारायला उत्तर प्रदेशच्या अधिकाऱ्यांची मदत घेतल्याचा, आणि त्यात जिल्ह्याचे पोलीस अधीक्षकही येत होते. पंतप्रधानांची निवडणूक रद्द झाली. पुढच्या पंधरवड्यात काय झालं ते सर्वांना माहीत आहे.

त्यानंतर काय झालं ते मात्र फारसं सांगितलं जात नाही. त्याच वर्षी संसदेने कायद्यातच दुरुस्ती केली: सरकारी नोकराची नेमणूक, राजीनामा, सेवासमाप्ती यांची राजपत्रात छापलेली तारीख हाच अंतिम पुरावा, आणि हे मागच्या तारखेपासून लागू. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंदिराबाईंच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे नोकरी कधी सुटली हे ठरवायचा अधिकार राजपत्र छापणाऱ्याकडे गेला आणि तिथेच राहिला.

चौकट : वर्दीपासून उमेदवारीपर्यंतचे कागद

• सेवेतून सुटका: निवृत्ती, स्वेच्छानिवृत्ती किंवा मंजूर झालेला राजीनामा. नुसता दिलेला राजीनामा पुरत नाही.
• पक्षप्रवेश: सुटका झाल्यानंतरच. आधी केल्यास आचरण नियमांचा भंग.
• मतदारयादी: देशातल्या कोणत्याही लोकसभा मतदारसंघाच्या यादीत नाव असलं की बहुतेक सगळीकडून लढता येतं. म्हणून मुंबईचा अधिकारी बागपतला जाऊ शकतो.
• प्रतिज्ञापत्र: मालमत्ता, गुन्हे, शिक्षण, सरकारी थकबाकी.
• सरकारी घरात राहिले असल्यास ‘नो ड्यूज’ प्रमाणपत्र.
• बडतर्फ झाले असल्यास निवडणूक आयोगाचं प्रमाणपत्र.
• निर्णायक दिवस: छाननीचा.

मधे थांबायला का लावत नाहीत?

सत्यपाल सिंहांसारखी घाई पाहिली की कोणाच्याही मनात येतं, निवृत्ती आणि निवडणूक यांच्यात दोनेक वर्षांचं अंतर सक्तीचं का नाही? खासगी कंपनीत जायचं असेल तर आहे. निवृत्तीनंतर वर्षाच्या आत व्यावसायिक नोकरी धरायची तर आयपीएस अधिकाऱ्याला सरकारची परवानगी लागते. सिमेंट कंपनीचा सल्लागार व्हायला परवानगी, आणि खासदार व्हायला नको.

निवडणूक आयोगाने २०१२मध्ये अशा अंतराची शिफारस केली होती, सरकारने ती स्वीकारली नाही. सरकारचं म्हणणं, निवडणूक लढवणं हा नागरिकाचा अधिकार, तो असा रोखणं संविधानाशी जुळणार नाही. मग एक जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. एप्रिल २०२२मध्ये न्यायमूर्ती एस. अब्दुल नझीर आणि विक्रम नाथ यांच्या खंडपीठाने ती फेटाळली. अंतर ठेवायचं की नाही हे कायदेमंडळाने ठरवावं, आम्ही नाही, असा त्याचा आशय. योगायोग असा, की न्यायमूर्ती नझीर जानेवारी २०२३मध्ये निवृत्त झाले आणि पुढच्याच महिन्यात आंध्र प्रदेशचे राज्यपाल म्हणून त्यांची नेमणूक झाली.

अंतर घालणं अशक्य आहे हा युक्तिवाद मला पटत नाही, कारण आपल्याच कायद्यात ते घातलेलं आहे. लोकपालाच्या अध्यक्षांना आणि सदस्यांना पद सोडल्यापासून पाच वर्षं संसदेची, विधानसभेची, इतकंच काय, पंचायतीचीही निवडणूक लढवता येत नाही. भ्रष्टाचाराची चौकशी करणाऱ्याला जे लागू, ते गुन्ह्याचा तपास करणाऱ्याला का नको? उलट बाजूनेही बोलता येतं. अंतर सक्तीचं केलं तर जो प्रामाणिकपणे सरकारशी भांडून बाहेर पडला त्याचाही आवाज दोन वर्षं बंद होतो, आणि सरकारला तेच हवं असेल. शिवाय खरा सौदा नोकरीत असतानाच ठरत असेल, तर अंतराने काय साधणार? तरीही मला वाटतं, ज्या अधिकाऱ्याला माहीत आहे की पुढची निवडणूक आपल्याला मिळणार नाही, तो या निवडणुकीच्या तोंडावर लाठी जरा सरळ धरेल.

पक्षाला काय मिळतं?

ओळखीचा चेहरा, कडक शिस्तीची छबी, आणि खटल्यांचा डाग नसलेलं प्रतिज्ञापत्र. आपल्या संसदेतल्या प्रतिज्ञापत्रांकडे पाहता तिसरी गोष्ट हलकी समजू नये. शिवाय कोणत्या गावात कोणाचं चालतं हे पोलीस अधिकाऱ्याला जितकं माहीत असतं तितकं पक्षाच्या तालुकाध्यक्षालाही नसतं.

मात्र ही माहिती नोकरी केलेल्या जिल्ह्याची असते, आणि मतं बहुतेकदा जन्माच्या जिल्ह्यात मिळतात. जात, गोत, भावकी, शेत, शाळा हे सगळं तिकडे. मध्य प्रदेशातलंच पाहा. रुस्तम सिंह पोलीस महानिरीक्षक होते. २००३ला नोकरी सोडून भाजपतर्फे मुरैनातून विधानसभेवर गेले आणि मंत्री झाले. हे राज्याचं राजकारण, पण कृती तीच. झारखंडचे माजी महासंचालक विष्णू दयाल राम मात्र ज्या राज्यात नोकरी केली तिथूनच पलामूमधून २०१४पासून सलग तीनदा लोकसभेवर गेले, म्हणजे नियमाला अपवाद आहेतच.

तिकीट मिळेलच याची हमी नसते. बिहारचे महासंचालक गुप्तेश्वर पांडे यांनी सप्टेंबर २०२०मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर स्वेच्छानिवृत्ती घेतली. सरकारने ती तत्काळ दिली. पाचेक दिवसांत ते जनता दल युनायटेडमध्ये गेले. बक्सरची जागा मिळेल अशी सगळीकडे चर्चा. जागावाटपात बक्सर भाजपकडे गेलं आणि भाजपने तिथे उमेदवार दिला परशुराम चतुर्वेदी, जे एके काळी पोलीस खात्यात शिपाई होते. महासंचालक बसले घरी आणि शिपायाला तिकीट. पोलीस खात्यातली उतरंड पक्षात लागू नसते हे इतक्या ठळकपणे कोणी कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने ते कापलं असतं.

बाहेरच्या देशांत वेगळ्या तऱ्हा आहेत. अमेरिकेत शेरीफ नावाचा पोलीस प्रमुख बहुतेक ठिकाणी निवडूनच येतो, त्यामुळे त्याने पुढची निवडणूक लढवण्यात कोणाला वावगं वाटत नाही. ऑर्लँडो शहराच्या पोलीस प्रमुख राहिलेल्या व्हॅल डेमिंग्ज तिथल्या संसदेत गेल्या. फिलिपिन्समध्ये राष्ट्रीय पोलीस दलाचे माजी प्रमुख रोनाल्ड डेला रोसा २०१९मध्ये सिनेटर झाले, आणि तिथल्या अमली पदार्थांविरोधी मोहिमेतल्या हत्यांचा हिशेब त्यांच्या मागोमाग सिनेटपर्यंत गेला.

दिल्लीत गेल्यावर अधिकार कुठे जातात?

आता पहिल्या कोड्याकडे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत कामांची वाटणी आहे. सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे दोन्ही विषय राज्यांच्या यादीत, पहिल्याच दोन ओळींत. केंद्राकडे निमलष्करी दलं, दिल्लीचे पोलीस, आयपीएसची सेवा आणि निधी. त्यामुळे फौजदार आपल्या हद्दीत ज्याला अटक करू शकतो त्याला अटक करा असा आदेश देशाचा गृहमंत्री त्या फौजदाराला देऊ शकत नाही.

हे दोन्ही टोकांवरून पाहिलेला एक मराठी माणूस आहे. सुशीलकुमार शिंदे सोलापूरच्या न्यायालयात शिपाई होते, मग पोलीस उपनिरीक्षक झाले, गुन्हे अन्वेषण विभागात काम केलं. नोकरी सोडून काँग्रेसमध्ये आले, १९७४ला करमाळ्याच्या पोटनिवडणुकीत आमदार झाले, २००३ला मुख्यमंत्री. जुलै २०१२मध्ये ते केंद्रात ऊर्जामंत्री असताना अर्ध्या देशाची वीज गेली, आणि ती पूर्ण यायच्या आत ते गृहमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत २१ नोव्हेंबर २०१२ला येरवड्यात अजमल कसाबला फाशी झाली. पण सोलापूरच्या एखाद्या ठाण्यात काय चाललंय याची चौकशी करायची तर त्यांनाही मुंबईलाच विचारावं लागलं असतं.

शिंद्यांच्या आयुष्यातला आणखी एक तपशील मला आवडतो. २००२च्या ऑगस्टमध्ये उपराष्ट्रपतिपदाची निवडणूक झाली. विरोधकांचे उमेदवार शिंदे, सत्ताधारी आघाडीचे भैरोसिंह शेखावत. शेखावतही राजकारणात येण्याआधी राजस्थानात पोलीस उपनिरीक्षक होते. देशाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या पदासाठी समोरासमोर दोन माजी फौजदार! राजस्थानचे फौजदार ४५४ विरुद्ध ३०५ मतांनी जिंकले. दोघेही आयपीएस नव्हते, आणि दोघांनीही चाळिशी गाठण्याच्या बरंच आधी वर्दी सोडून राजकारणात हाडं झिजवली. मोठ्या हुद्द्यावरून थेट उडी मारणाऱ्यांपैकी या दोघांच्या उंचीपर्यंत कोणी पोचलेलं नाही, आणि हा निव्वळ योगायोग असावा असं वाटत नाही. आयुक्ताला आदेश द्यायची सवय असते. राजकारणात तीस वर्षं लोकांची दारं ठोठावावी लागतात.

खासदाराला आदेश देता येत नाहीत, घ्यावे मात्र लागतात. सभागृहात पक्षाचा व्हिप मोडला तर दहाव्या अनुसूचीप्रमाणे सदस्यत्व जाऊ शकतं. त्याच्या हातात राहतं ते बोलणं, प्रश्न विचारणं आणि समित्यांत बसणं. सत्यपाल सिंह सप्टेंबर २०१७मध्ये राज्यमंत्री झाले, मनुष्यबळ विकास खात्यात. जानेवारी २०१८मध्ये औरंगाबादला त्यांनी डार्विनचा सिद्धान्त चुकीचा असल्याचं सांगितलं, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलं नाही म्हणून. स्वतः रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाने साक्षीदार मागावा यात जुन्या पेशाची सवय दिसते, पण आयुक्त असताना ते असं बोलले असते तर फारशी दखल घेतली गेली नसती. शिक्षणखात्याचा मंत्री बोलला म्हणून देशभरच्या शास्त्रज्ञांनी निषेधाची पत्रकं काढली.

२०१९मध्ये ते बागपतमधून पुन्हा जिंकले, या वेळी अजित सिंहांचे पुत्र जयंत चौधरी यांच्याविरुद्ध, पण मताधिक्य दोन लाखांवरून तेवीस-चोवीस हजारांवर आलं. २०२४च्या निवडणुकीआधी जयंत चौधरींचा राष्ट्रीय लोक दल भाजपच्या आघाडीत आला आणि बागपतची जागा त्यांना गेली. आयपीएस अधिकाऱ्याला बदली अन्यायाची वाटली तर तो केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे कॅटमध्ये, दाद मागू शकतो. तिथून उच्च न्यायालय, तिथून सर्वोच्च. तिकीट कापलं गेल्यावर दाद मागायला असं कोणतंही न्यायाधिकरण नाही. बागपतला राजकुमार सांगवान उभे राहिले आणि निवडून आले.